चहाच्या चमच्यानं डी-सेरीन : पूर्व भागातली एक केस

मे महिन्याचा दुसरा आठवडा. सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको, दुपारी दोन ते पाच माझ्या मेडिकलवर कुत्रं फिरकत नाही, आणि नेमकं त्या वेळेला मामा आले. मामा म्हणजे आमच्या पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात जॉबर, तीसेक वर्षं माग दुरुस्त करून करून हाताच्या रेषांत ग्रीस बसलेलं, घरात तेलुगू आणि दाराबाहेर मराठी. नाव, गल्ली, काही लिहीत नाही, आणि जे लिहितोय ते घरच्यांना विचारून लिहितोय. पिशवीतनं त्यांनी एक चंदेरी झिपवालं पाकीट काढलं, काउंटरवर ठेवलं. "अण्णा, हे ऑनलाइन मागवलं, लई महाग पडलं ओ. पुढचं तुमच्याकडं स्वस्तात मिळतंय का बघा की."

पाकिटावर डी-सेरीन लिहिलेलं, शंभर ग्रॅम. सोळा वर्षं झाली मला या काउंटरमागं उभं राहून, डी-सेरीन मागणारा हा पहिलाच माणूस. बी. फार्मला असताना एका लेक्चरला ऐकलेलं नाव, तेवढीच ओळख. मी विचारलं कुणासाठी, तर म्हणाले पोरासाठी. पाच दिवस झाले चालू केलंय, रोज सकाळी चहाचा एक चमचा, दुधातनं.

पोरगं मला माहिती आहे. वय २४, वजन ५८ किलो. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला असताना कानात आवाज यायला लागले, शेजारी आपल्याबद्दल बोलतायत, मोबाइलमधनं कुणीतरी बघतंय वगैरे, आधी घरच्यांनी दोन-तीन ठिकाणी अंगारे-धुपारे केले, मग कुणीतरी शहाण्या माणसानं मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं नेलं. स्किझोफ्रेनिया. रिस्पेरिडोन चालू झालं, वाढत वाढत ६ मिलिग्रॅमवर गेलं, आवाज थांबले. तीन वर्षं झाली. पण आवाज थांबले तसं पोरगंही थांबलं म्हणा ना, दिवसभर कॉटवर बसून, आंघोळीला चारदा हाक मारावी लागते, जेवायला वाढलं तर जेवतो, नाही वाढलं तर मागत नाही. मामांना आवाजापेक्षा हेच जास्त खुपत होतं. "आधी वेडंवाकडं बोलायचा, पण बोलायचा तरी," म्हणाले.

अशात त्यांच्या पुतण्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं, की मेंदूत डी-सेरीन नावाचं द्रव्य तयार करणारं एक एन्झाइम असतं, स्किझोफ्रेनियात ते मंदावतं, म्हणून डी-सेरीन बाहेरून द्या आणि एन्झाइमला जोर यायला बी-सिक्स हे व्हिटॅमिन द्या. म्हणजे पावडर एक चमचा आणि बी-सिक्सच्या १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसाला दोन. गोळ्याही तिकडूनच मागवलेल्या.

आता गंमत अशी, गंमत म्हणजे हसण्यासारखी नाही, की त्या व्हिडिओतलं पहिलं वाक्य खोटं नाहीये. थापा असत्या तर दोन मिनिटांत काम झालं असतं, मी पाकीट बाजूला ठेवून मामांना घरी पाठवलं असतं. अर्धं खरं असलं की तोडायला दिवस जातो. त्या दिवशी आधी फक्त एवढंच केलं की पाकीट ठेवून घेतलं, म्हणलं मामा उद्यापासून चमचा बंद, पोराची रक्त-लघवीची तपासणी करा आणि जुनी फाइल घेऊन या. आणि त्यांच्या घरचा चमचा मागवून घेतला. शेजारच्या सराफाच्या काट्यावर मामा भरतात तसा शीगेचा चमचा मोजला, ४.२ ग्रॅम भरला. सराफ म्हणाला, हे काय आणि नवीन, मी म्हणलं पोराच्या मेंदूचं औषध. ४.२ ग्रॅम म्हणजे ५८ किलोच्या माणसाला किलोमागे ७० मिलिग्रॅमच्या वर. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन मामा आले. क्रिएटिनीन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, १.६, लघवीत प्रथिनं एक प्लस. आठ महिन्यांपूर्वीच्या फाइलमध्ये क्रिएटिनीन १.१ होतं. २४ वर्षांच्या सडपातळ पोराला १.६ म्हणजे किडनीची गाळण्याची ताकद शंभरावरून साधारण साठावर आली असं धरायला हरकत नाही.

पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती आहे. एक चमचा मेंदूसाठी दिला होता आणि रिपोर्ट किडनीचा बिघडला होता.

आधी मेंदूकडचं सांगतो, जसं मामांना सांगितलं तसंच, कारण त्यांना सांगताना मलाच नीट समजलं. म्हणलं मामा, बँकेत लॉकर असतो, त्याला दोन चाव्या लागतात, एक गिऱ्हाइकाची, एक बँकेची. मामा म्हणाले, "आमचं कुठलं लॉकर ओ अण्णा." बरं, तरी ऐका. मेंदूत एका पेशीवरून दुसरीकडं निरोप जातो तेव्हा ग्लुटामेट नावाचं द्रव्य सुटतं, ते पुढच्या पेशीवरच्या दाराला लागतं. असली दारं बऱ्याच प्रकारची, पण त्यातलं एक, एनएमडीए रिसेप्टर, ते एकट्या ग्लुटामेटला दाद देत नाही. दुसरी चावी लागते. १९८७ साली जॉन्सन आणि अॅशर या दोघांनी दाखवलं की ग्लायसिन नावाचं अमिनो आम्ल असल्याशिवाय हे दार धड उघडत नाही. नंतर कळलं की मेंदूच्या पुष्कळ भागांत, खास करून जिथं दोन पेशी थेट भिडतात तिथं, ही दुसरी चावी ग्लायसिनपेक्षा डी-सेरीनच जास्त असते. आणि एवढ्यानं भागत नाही, दारात मॅग्नेशियमचा वॉचमन स्टूल टाकून बसलेला असतो, पेशी आधीच जागी झालेली असली तरच तो उठतो. म्हणजे दोन चाव्या आणि वरनं वॉचमन, एवढा बंदोबस्त कशासाठी, तर या दारातनं कॅल्शियम आत येतं आणि त्याच्यावर शिकणं, लक्षात ठेवणं, जोडण्या पक्क्या होणं अवलंबून असतं. थोडं आलं तर शिकवण, फार आलं तर पेशी मरते. लकव्याच्या झटक्यात मेंदूच्या पेशी मरतात त्यात या दाराचा मोठा हात असतो. डी-सेरीन बनवणारं एन्झाइमच काढून टाकलेल्या उंदरांत तसा झटका आणला तर मेंदूचं नुकसान कमी झालेलं दिसलंय. हे वाक्य मी मामांना दोनदा सांगितलं. कमी डी-सेरीन म्हणजे वाईट आणि जास्त म्हणजे चांगलं असा हिशोबच नाहीये हा.

स्किझोफ्रेनियाचा संबंध कुठून आला तर भुलीच्या औषधांतनं. फेनसायक्लिडिन आणि केटामिन ही औषधं नेमकं हेच दार बुजवतात, आणि ती दिल्यावर धडधाकट माणसाला भास होतात, बोलणं तुटक होतं आणि माणूस गप्प, कोरडाही होतो. डोपामिन हे मेंदूतलं दुसरं निरोप्या द्रव्य वाढवणाऱ्या औषधांनी भास होतात पण तो गप्पपणा तसा येत नाही, म्हणून संशोधकांचं लक्ष इकडं वळलं. पुढं २००७ मध्ये दालमाऊ आणि मंडळींनी अशा रुग्णांचं वर्णन केलं ज्यांच्या शरीरात याच रिसेप्टरविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, तरण्या मुली, बऱ्याच जणींच्या बीजाशयात गाठ, आणि सुरुवात अगदी वेड लागल्यासारखी. म्हणजे हे दार बंद पडलं तर मन बिघडतं, एवढं नक्की. पण स्किझोफ्रेनियात ते दुसऱ्या चावीच्या तुटवड्यामुळेच बंद पडतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि व्हिडिओवाल्यानं इथंच उडी मारलेली. २०१४ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात १०८ जागा निघाल्या ज्यांचा या आजाराशी संबंध लागतो, त्यात एक जागा खरंच या एन्झाइमच्या जनुकाची आहे. पण १०८ पैकी एक, आणि एकेका जागेचा वाटा चिमूटभर.

आता ते एन्झाइम. नाव सेरीन रेसमेज. अमिनो आम्लं डावी-उजवी असतात, चपलेच्या जोडासारखी, सगळं तेच पण एक दुसऱ्याच्या पायात जात नाही. आपल्या शरीरातली प्रथिनं सगळी डाव्या, म्हणजे एल प्रकारच्या अमिनो आम्लांची. उजवी म्हणजे डी प्रकारची फक्त जिवाणूंच्या कवचात बिवचात असतात असं कित्येक वर्षं पुस्तकात होतं, आम्हीही तेच घोकलं. मग १९९२ मध्ये जपानमध्ये हाशिमोतो, निशिकावा यांना उंदराच्या मेंदूत डी-सेरीन भरपूर सापडलं. कुठून येतं, खाण्यातनं का जंतूंकडनं, यावर बरीच डोकेफोड झाली, आणि १९९९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वोलोस्कर आणि स्नायडर यांच्या गटानं उंदराच्या मेंदूतनंच ते एन्झाइम वेगळं काढून दाखवलं. एल-सेरीन घेतं आणि डी-सेरीन करून देतं, डाव्या पायाची चप्पल उजवी करून देणारा चांभार. करतं कसं, तर बी-सिक्सपासून बनलेला पीएलपी नावाचा रेणू सेरीनला पकडून धरतो, एका बाजूनं एक हायड्रोजन काढला जातो आणि दुसऱ्या बाजूनं बसवला जातो, बस, एवढ्यावर बाजू बदलते.

एक आडवाट. हॉपकिन्सच्या एक वर्ष आधी, १९९८ मध्ये, हेच काम करणारं एन्झाइम जपान्यांनी रेशीम किड्यात शोधलेलं. आपल्या जिल्ह्यात तुतीची शेती करणारे आहेत, कोषाला भाव किती मिळाला यावर पेपरात बातम्या येतात, त्या किड्याच्या अंगात आणि माणसाच्या मेंदूत एकच कारागिरी चालते हे वाचून मी दुकानात एकटाच हसत बसलो होतो.

मूळ मुद्दा. हा चांभार एका कामाचा नाही. तो सेरीनची बाजू बदलतो, तसंच सेरीन फोडून पायरुवेट आणि अमोनियाही करतो, आणि हे दुसरं कामही मनापासून करतो. म्हणजे एन्झाइमला जोर दिला की डी-सेरीनच वाढेल असं धरून चालणं चूक. शिवाय त्याला मॅग्नेशियम आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं, काही प्रथिनं त्याला चढवतात, नायट्रिक ऑक्साइड चिकटलं की ते मंदावतं, आणि एनएमडीएचं दार जास्त उघडायला लागलं की ते पेशीच्या पडद्यापाशी ओढलं जाऊन काम थांबवतं. स्वतःचा ब्रेक स्वतःच. बी-सिक्स फक्त त्याची हत्यारपेटी, आणि ती पेटी शरीरातली शंभरावर एन्झाइमं वापरतात. ज्याच्या अंगात बी-सिक्स पुरेसं आहे त्याला आणखी ओतून कारागीर काही दुप्पट चपला शिवत नाही. उलट बी-सिक्स जास्त, आणि फार दिवस घेतलं तर हातापायाच्या नसा बधिर होतात. मामांना हे लगेच पटलं. "माग चालू हाय, आणि तेल ओतत बसायचं, मग टॉवेलवर डाग."

ही मागाची भाषा त्यांनी काढली म्हणून मलाही बरं झालं, कारण पुढची गोष्ट सांगायला मागच लागतो. सुरुवातीला सगळ्यांना वाटलेलं की डी-सेरीन मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधार पेशी बनवतात. नंतर नीट तपासल्यावर निघालं की एन्झाइम जास्त करून चेतापेशींतच आहे. मग ॲस्ट्रोसाइटचं काय काम? तर त्या साखरेपासून एल-सेरीन बनवतात, कच्चा माल, आणि तो चेतापेशींकडं जातो, तिथं त्याचं डी-सेरीन होतं. या ये-जा करण्याला शास्त्रज्ञांनी जे नाव दिलंय त्याला आपल्याकडं एकच शब्द आहे, धोटा. इकडून तिकडं सूत घेऊन पळणारा धोटा. मामा म्हणाले, आता रेपियर आलेत, धोटा नसतो सगळीकडं. मी म्हणलं मेंदूत अजून जुनेच माग आहेत. पण समजलं त्यांना. "म्हणजे कापड नीट येत नसलं तर आधी बघावं लागतं, सूत नाही, का धोटा अडकलाय, का बीम ढिला. नुसतं सूत टाकून काय." बरोबर. कच्चा मालच न बनण्याचा एक आजार खरोखर आहे, जन्मजात, पीएचजीडीएच या एन्झाइमच्या दोषानं, पोरांचं डोकं लहान राहतं, झटके येतात, आणि तिथं डॉक्टर एल-सेरीन देतात तेव्हा झटक्यांत फरक पडतो. तिथं सूतच नसतं. आमच्या पोराची गोष्ट ती नव्हती.

मग कुणी माणसांना डी-सेरीन देऊन बघितलं का? बघितलं, आणि हे मामांपासून लपवणं मला योग्य वाटलं नाही. १९९८ मध्ये तैवानच्या रुग्णांवर, चालू औषधाच्या जोडीला, किलोमागे ३० मिलिग्रॅम सहा आठवडे दिलं आणि फरक पडला, गप्पपणातसुद्धा. मामांचे डोळे चमकले. पुढचं ऐका म्हणलं. नंतर १९५ रुग्णांवर रोज २ ग्रॅम १६ आठवडे देऊन बघितलं, खोट्या पावडरीपेक्षा काही वेगळं निघालं नाही. आणखी एका अभ्यासात डोस किलोमागे १२० पर्यंत चढवला, तिथं एकाच्या किडनीच्या तपासण्या बिघडल्या, बंद केल्यावर पूर्ववत झाल्या. आमचा चमचा या ३० आणि १२० च्या मधोमध बसत होता. फरक एवढाच की तिथं रक्त-लघवी सतत तपासत होते, इथं मामी दुधात साखर किती घालू विचारत होत्या.

दुसरा रस्ताही लोकांनी काढलाय. डी-सेरीन मोडणारं एक एन्झाइम आहे, डी-अमिनो ॲसिड ऑक्सिडेज, क्रेब्ज साहेबांनी १९३५ मध्येच शोधलेलं, डी-सेरीनचा मेंदूत पत्ता लागायच्या कितीतरी आधी, तेव्हा कुणाला कळेना की शरीरात उजव्या चपलाच नाहीत तर त्या फाडणारा माणूस कशाला ठेवलाय. त्याला अडवलं तर आहे ते डी-सेरीन टिकतं. त्याला अडवणारं एक साधं द्रव्य म्हणजे सोडियम बेंझोएट. २०१३ मध्ये तैवानलाच रोज १ ग्रॅम देऊन ५२ रुग्णांत फायदा दिसला, पण २०२० मध्ये आजाराच्या सुरुवातीच्या रुग्णांवरच्या दुसऱ्या अभ्यासात दिसला नाही. हे मी बोलून गेलो आणि मामा लगेच, "बेंझोएट म्हणजे लोणच्यात टाकतात तेच?" होय तेच. आणि मग मला पाच मिनिटं त्यांना समजवावं लागलं की पोराला लोणचं जास्त वाढायचं नाही.

आता किडनी. माझ्या मते केसचा खरा भाग हा, आणि व्हिडिओत याचा एक शब्द नव्हता. ते मोडणारं एन्झाइम मेंदूच्या मागच्या भागात, लहान मेंदूत आहे, म्हणून तिथं डी-सेरीन नसल्यातच जमा. पण त्याचं मोठं ठाणं किडनीत आहे, गाळलेलं पाणी परत शोषून घेणाऱ्या नळ्यांत. डी-सेरीन मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, जखमेवर टाकतो तेच, फेस येतो ते. उंदरांपैकी मोठ्या जातीच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रॅटना, डी-सेरीनचा मोठा डोस दिला की नळ्यांचा एक सरळ तुकडा मरतो. आणि ज्या रॅटमध्ये हे मोडणारं एन्झाइम जन्मतःच नाही त्यांना तोच डोस देऊन काही होत नाही. म्हणजे विष डी-सेरीन नाही, ते मोडतानाचा धूर विष आहे. छोट्या उंदरांना मात्र तसं होत नाही, म्हणून माणूस कुठल्या बाजूला पडतो हे धरून चालता येत नाही, औषधाच्या चाचण्यांत लघवी तपासत राहतात ते यासाठीच.

त्यात आणखी एक वळसा आहे. माणसाच्या रक्तात डी-सेरीन एकूण सेरीनच्या दोनेक टक्क्यांइतकंच असतं. एल-सेरीन किडनी जवळजवळ सगळं परत घेते, डी-सेरीनचा बराच भाग लघवीत जाऊ देते. म्हणून किडनी थकली की रक्तात डी-सेरीन साचतं, इतकं की जपानमध्ये किडनीचा आजार ओळखायला, पुढं कसा जाईल याचा अंदाज घ्यायला ते मोजतात. आता बघा, पोराच्या किडनीची ताकद आधीच उतरलेली, वरनं रोज चार ग्रॅम. बाहेर टाकायचं दार अर्धं बंद आणि आत पोतं ओततोय. आणि हेही सांगितलं पाहिजे की आतड्यातल्या जंतूंनी बनवलेलं थोडंसं डी-सेरीन उंदरांच्या जखमी किडनीला मदत करतं असंही दिसलंय, २०१८ चं काम आहे ते. तेच द्रव्य, तोच अवयव, चिमूट दिली तर मलम आणि मूठ दिली तर चटका. एन्झाइमही एकट्या मेंदूचं नाहीये, कातडीच्या वरच्या पेशींत आहे, स्वादुपिंडाच्या इन्शुलीनवाल्या बेटांत आहे, किडनीतही आहे. तिथं ते काय काय करतं याचं बरंचसं काम उंदरांवरचं आहे, त्यात शिरत नाही.

इथपर्यंत मी मामांसमोर मोठा शहाणा झालो होतो. पुढचं लिहायला हात जड होतोय.

क्रिएटिनीन वाढायला पाच दिवसांची पावडर पुरे का, हा प्रश्न मला रात्री झोपू देईना. म्हणून मामांना विचारलं, पोरगं आणखी काय काय घेतं. ते म्हणाले, काही नाही, डॉक्टरांची गोळी आणि "तुमची ती अंगदुखीची." माझी? डायक्लोफिनॅक. दर आठवड्याला मामा माझ्याकडनं एक पत्ता न्यायचे आणि मी समजायचो जॉबर माणूस, दिवसभर मागाखाली वाकून काम, कंबर धरते, स्वतःसाठी नेतात. चिठ्ठी मी कधी मागितली नाही. ओळखीचं गिऱ्हाईक. गोळ्या घेत होता पोरगा, सहा-सात महिने, दिवसाला दोन, कारण त्याचं अंग आखडायचं.

अंग का आखडायचं? रिस्पेरिडोनच्या जोडीला डॉक्टरांनी ट्रायहेक्सीफेनिडिल दिलेली, थरथरीची आणि कडकपणाची गोळी. मामांना कुणीतरी सांगितलं की तिची सवय लागते, त्यांनी ती बंद केली, डॉक्टरांना सांगितलं नाही. मी तरी काय केलं, महिनोन् महिने त्यांना चिठ्ठीतल्या दोन औषधांपैकी एकच देत राहिलो, दुसरं का नको म्हणून विचारलंही नाही. पोराला मी दुकानात बोलावून बघितलं. चेहरा बिनहालचालीचा, चालताना हात हलत नाहीत, पावलं बारीक, उशीवर लाळ गळते म्हणाली आई. गप्प बसणं, बोलणं कमी, चेहऱ्यावर भाव नसणं, यातलं किती आजाराचं आणि किती औषधाच्या कडकपणाचं, हे कुणी वेगळं काढलंच नव्हतं. मी व्हिडिओवाल्याला शिव्या घालत होतो की त्यानं गप्पपणाचं कारण एका झटक्यात ठरवून टाकलं. तीन वर्षं मीही तेच धरून होतो, आजारच तसा, असं.

म्हणजे किडनीच्या केसमध्ये आरोपी तीन. पावडर पाच दिवस, डायक्लोफिनॅक सात महिने (असली वेदनाशामकं किडनीला जड जातात), आणि पत्र्याच्या खोलीत मे महिना काढणारा, पाणी न मागणारा पोरगा. मला विचाराल तर जुना गुन्हेगार डायक्लोफिनॅक, ऊन त्याचा साथीदार, आणि पावडर शेवटची काडी असेल किंवा नुसती घटनास्थळी सापडलेली असेल. सगळं एकदमच बंद केलं, त्यामुळं एकेकाचा दोष वेगळा करायची सोय राहिली नाही, आणि एकेक करून बंद करणं म्हणजे पोरावर प्रयोग.

डॉक्टरांकडं मी स्वतः सोबत गेलो, पाकीट, बी-सिक्सची बाटली, डायक्लोफिनॅकचा रिकामा पत्ता, सराफाकडचा आकडा, सगळं टेबलावर मांडलं. त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मला मान्य आहे. पोराचं मनगट धरून कोपर हलवून बघितलं, दातेरी चाक फिरल्यासारखं अडत अडत हलत होतं. रिस्पेरिडोन ६ वरून ४, सहा आठवड्यांनी ३. थरथरीची गोळी परत दिली नाही, म्हणाले हिनं स्मरणशक्तीला त्रास होतो, डोस उतरवून भागतंय का बघू. किडनीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, खडा वगैरे काही नव्हतं. पाणी, ताक, मीठ-साखरेचं पाणी, वेदनाशामक बंद. दहा दिवसांनी क्रिएटिनीन १.३, जुलैच्या मध्याला १.१, लघवी साफ.

याच आठवड्यात दुकानात आणखी एक गोष्ट झाली, ती इथं टाकतो कारण त्याच दाराची आहे. टीबीच्या हट्टी प्रकाराचं औषध चालू असलेल्या एका बाईंचा मुलगा आला, आई दोन दिवस काहीबाही बोलतेय म्हणाला. औषधांत सायक्लोसेरीन होतं. हा डी-सेरीनच्याच घराण्यातला रेणू, टीबीच्या जंतूच्या कवचाला माल पुरवणारं रेसमेज अडवतो, म्हणून जंतू मरतो. पण माणसाच्या मेंदूत तो त्या दुसऱ्या चावीच्या भोकात जाऊन बसतो आणि अर्धवट फिरतो. आधीचे दिवस असते तर मी म्हणलो असतो आजारपणानं चिडचिड होते. या वेळी सरळ म्हणलं, आत्ताच्या आत्ता टीबीच्या डॉक्टरांना फोन लाव, गोळी बदलणं-थांबवणं त्यांनी ठरवायचं, तू नाही, मी नाही.

पोराचं आता काय, तर मोठं काही झालेलं नाही. हात हलतात चालताना. लाळ बंद. आंघोळीला एकदा हाक पुरते, कधी दोनदा. बोलतो कमीच, ते आजाराचं आहे बहुतेक आणि त्याला आज तरी कुणाकडं पक्कं औषध नाही. डोस उतरवल्यानंतर सप्टेंबरमध्ये आठ दिवस कानात कुजबुज आली, मामा घाबरून दुकानात पळत आले, डॉक्टरांनी ३ वरच ठेवलं, खाली नाही नेलं, कुजबुज गेली. गड्ड्याच्या यात्रेला घरच्यांबरोबर गेला होता, गर्दीत अर्धा तास थांबला, मग घरी चला म्हणाला. स्वतःहून म्हणाला, हे मामांनी मला तीनदा सांगितलं.

डायक्लोफिनॅक मी चिठ्ठीशिवाय देत नाही आता, दोन-चार गिऱ्हाइकं तुटली, जाऊ दे. पावडरचे पैसे परत मिळतील का म्हणून मामांनी विचारलं होतं, पण फोडलेलं पाकीट कोण घेतंय. ते अजून माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे, ७९ ग्रॅम शिल्लक, तेही सराफाकडंच मोजलेलं.